पहिल्याच पानावर अडतं: पायथॉन पॅकेजिंगचं डॉक्युमेंटेशन नवशिक्यांसाठी कसं असावं

एका मुलीला पायथॉन शिकायला लागून महिनाही झालेला नसतो, तेवढ्यात वर्गातलं कुणीतरी सांगतं, ‘रिक्वेस्ट्स टाकून घे, वेबसाइटवरची माहिती थेट प्रोग्रॅममध्ये आणता येते.’ ती टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडते आणि ‘पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ असं टाइप करते. लॅपटॉपवर डेबियन १२ किंवा अलीकडचं उबुंटू असेल, तर पॅकेज येत नाही. येतो तो वीसेक ओळींचा मजकूर. त्याच्या सुरुवातीचा अर्थ असा, की हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं. कुठलं एन्व्हायर्नमेंट? कोण सांभाळतं? बाहेरून म्हणजे कुठून? तिने तर एक पॅकेज मागितलं होतं.

मग ती तोच मजकूर गूगलवर टाकते. कुणीतरी कुठेतरी उत्तर दिलेलं असतं, की कमांडच्या शेवटी ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय जोड, चालेल. चालतंही. त्या पर्यायाच्या नावातच ‘यंत्रणा मोडू शकते’ हे लिहिलेलं आहे, पण काम झालं म्हटल्यावर कोण थांबून वाचतं?

पायथॉनचं पॅकेजिंग किचकट आहे, ही तक्रार जगभर ऐकू येते आणि ती खरीही आहे. पण नवशिक्याला त्यातलं जेवढं लागतं तेवढं एका पानात मावतं. ते एक पान नीट लिहिलेलं नसतं, किंवा लिहिलेलं असून त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून माणसं अडतात. हे पान कसं असावं, याबद्दल मला सांगायचं आहे. त्यासाठी आधी पॅकेजिंग म्हणजे काय ते बघू.

कुणी लिहिलेला कोड दुसऱ्याच्या मशीनवर नीट बसावा म्हणून त्याला ठरावीक रूप द्यावं लागतं. कोडसोबत त्याची माहिती जोडावी लागते: नाव काय, व्हर्जन कुठलं, पायथॉनचं कुठलं व्हर्जन लागतं, चालण्यासाठी आणखी कुठली पॅकेजं हवीत. हे सगळं मिळून पॅकेज होतं. अशी पॅकेजं जिथे ठेवतात ते सार्वजनिक कोठार म्हणजे पायपीआय. ते २००३ मध्ये सुरू झालं आणि आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रोजेक्ट आहेत. तिथून पॅकेज शोधून, उतरवून, जागेवर बसवणारं टूल म्हणजे पिप.

पॅकेज दोन रूपांत मिळतं. एक म्हणजे मूळ सोर्स कोड, जो तुमच्या मशीनवर बांधून घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे व्हील, आधीच बांधून तयार असलेली फाइल. निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेल्या पॅकेजला या फरकाने फारसं काही होत नाही. पण आकडेमोडीच्या नमपायसारख्या पॅकेजचा मोठा भाग सी भाषेत आहे. तो कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात आणायचा, तर मशीनवर कंपायलर लागतो, आणि तो विंडोजच्या नव्या लॅपटॉपवर नसतो. म्हणून नमपायचे लेखक प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि पायथॉनच्या प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळं व्हील बनवून ठेवतात. नमपाय १.२६.४ च्या एका व्हीलच्या फाइलच्या नावात ‘सीपी३१२’ आणि ‘विन एएमडी६४’ असे तुकडे दिसतात. पायथॉन ३.१२ आणि ६४ बिटांचं विंडोज, एवढाच त्यांचा अर्थ.

आता यातून नवशिक्याची अडचण कशी उभी राहते ते बघा. पायथॉनचं नवं व्हर्जन दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येतं. नवशिक्या सगळ्यात नवं व्हर्जन उतरवतो, कारण वेबसाइटवर तेच सगळ्यात वर असतं. त्याला हवं असलेल्या एखाद्या पॅकेजचं त्या व्हर्जनसाठीचं व्हील अजून आलेलं नसतं. पिपला व्हील सापडत नाही, म्हणून तो सोर्स कोड घेऊन बांधायला लागतो आणि शेवटी स्क्रीनवर येतं की मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा त्यापुढचं हवं. पायथॉन शिकणाऱ्याला सी प्लस प्लस कशाला लागावं, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं. बऱ्याचदा उपाय साधा असतो, पायथॉनचं एक वर्ष जुनं व्हर्जन घ्या. या एका वाक्याने कित्येकांची संध्याकाळ वाचली असती, आणि हे वाक्य पॅकेज बसवण्याच्या पानावर असायला हवं. व्हीलची जडणघडण सांगणाऱ्या पानावर ते असून उपयोग नाही, कारण तिथे नवशिक्या जातच नाही.

डॉक्युमेंटेशन असं का झालं, याला इतिहास आहे. २००० साली डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधण्याचं टूल पायथॉनसोबत येऊ लागलं. २००४ मध्ये सेटअपटूल्स आलं, त्याबरोबर ईझी इन्स्टॉल नावाची कमांड आली. २००८ मध्ये पिप आला. २०१६ च्या प्रस्तावातून पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही फाइल जन्माला आली, २०२० च्या प्रस्तावाने त्या फाइलमध्ये पॅकेजची माहिती कशी लिहायची ते ठरवून दिलं. मधल्या काळात पिपएन्व्ह, पोएट्री, फ्लिट, हॅच, पीडीएम ही टूल्स आली, २०२४ मध्ये यूव्ही आलं. आणि ज्याच्यापासून सुरुवात झाली ते डिस्टयुटिल्स २०२३ च्या पायथॉन ३.१२ मधून काढून टाकलं.

यातला प्रत्येक टप्पा त्या वेळी गरजेचा होता. घोळ असा, की टूल बदललं तरी त्यावर लिहिलेली पानं जागेवरच राहतात. २०१२ मध्ये लिहिलेली शिकवणी आजही शोधात वर येते, आणि तिच्यात सेटअप डॉट पाय ही फाइल लिहून तीच ‘इन्स्टॉल’ म्हणून चालवा असं सांगितलेलं असतं. ती कमांड तशी चालवणं आता मोडीत निघालं आहे. सेटअप डॉट पाय ही फाइल मात्र मोडीत निघालेली नाही, काही ठिकाणी ती अजून लागते. जाणत्या माणसाचाही इथे गोंधळ होतो. पायप्रोजेक्टचंही तेच. पोएट्री आपली माहिती त्या फाइलच्या स्वतःच्या वेगळ्या विभागात ठेवत असे, सर्वांसाठी ठरलेला विभाग तिने जानेवारी २०२५ मधल्या २.० व्हर्जनमध्ये स्वीकारला. त्यामुळे दोन प्रोजेक्टांच्या एकाच नावाच्या फाइली शेजारी ठेवल्या तर त्या दोन वेगळ्या टूल्सच्या वाटतात.

म्हणून नवशिक्यांच्या पानावर पहिली दुरुस्ती मी ही सुचवेन: पानाच्या डोक्यावर ते कुठल्या पायथॉनवर आणि कुठल्या पिपवर तपासलं आहे, आणि कोणत्या महिन्यात, हे ठळक लिहा. जुन्या पानांच्या डोक्यावर ‘हे आता असं करत नाहीत, इकडे जा’ अशी पाटी लावा. पान उडवून टाकू नका, कारण त्याकडे येणाऱ्या वाटा शेकडो ठिकाणी पसरलेल्या असतात. उडवलं तर वाचणारा रिकाम्या जागी येऊन पडतो.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. ‘पॅकेजिंग’ या एकाच दारातून तीन वेगळी माणसं आत येतात. पहिल्याला दुसऱ्याने बनवलेलं पॅकेज वापरायचं आहे. दुसऱ्याला आपलं पॅकेज बनवून पायपीआयवर टाकायचं आहे. तिसऱ्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे, दुकानाच्या बिलांचा किंवा वर्गाच्या हजेरीचा, आणि तो त्याला अशा माणसाला द्यायचा आहे ज्याच्या मशीनवर पायथॉनच नाही. या तिसऱ्याला पायपीआयचा काडीचाही उपयोग नाही, त्याला प्रोग्रॅम आणि पायथॉन एकत्र बांधून देणारं पायइन्स्टॉलरसारखं टूल हवं. पण त्याने ‘पायथॉन प्रोग्रॅम पॅकेज कसा करायचा’ असं शोधलं, की तो दुसऱ्याच्या शिकवणीत जाऊन बसतो आणि तासाभराने त्याला कळतं की हे आपल्यासाठी नव्हतंच.

तिघांना पहिल्या चार ओळींतच वेगळं करता येतं. त्यासाठी प्रश्न त्यांच्या शब्दांत विचारायला हवा. ‘तुम्हाला बिल्ट डिस्ट्रिब्यूशन हवं की सोर्स डिस्ट्रिब्यूशन’ असं विचारलं तर ज्याला उत्तर माहीत आहे त्याला हे पान लागतच नाही. ‘तुम्हाला कुणाचं पॅकेज वापरायचं आहे, स्वतःचं पॅकेज इतर प्रोग्रॅमरना द्यायचं आहे, की तयार प्रोग्रॅम एखाद्या साध्या वापरणाऱ्याला द्यायचा आहे?’ असं विचारलं की प्रत्येक जण आपापल्या दारात जातो.

आता पहिल्या दारातलं पहिलं पान. तिथे एकच वाट दाखवा. परगावचा माणूस एसटी स्टँडवर उतरून पत्ता विचारतो तेव्हा त्याला गावातले चारही रस्ते आणि कुठला कधी खोदला होता हे सांगत नाहीत. ‘सरळ जा, मारुतीच्या देवळापाशी उजवीकडे वळा’ म्हणतात. पॅकेजिंगचं डॉक्युमेंटेशन लिहिणारी बरीच मंडळी स्वयंसेवक आहेत, आणि कुठल्याही एका टूलची बाजू घ्यायला ती कचरतात. तो संकोच मला समजतो. कुणाच्या तरी कित्येक वर्षांच्या कामाला डावलल्यासारखं होतं. पण पाच टूल्स समोर मांडून ‘तुम्हीच निवडा’ म्हणणं नवशिक्यावर अन्याय आहे. निवडायला जी माहिती लागते, तीच तर मिळवायला तो आला आहे.

पायथॉनच्या अधिकृत पॅकेजिंग मार्गदर्शिकेतली पॅकेज बनवण्याची शिकवणी इथे एक चांगली तोड काढते. बांधणीसाठीची टूल्स तिने टॅबमध्ये ठेवली आहेत आणि हॅचलिंगचा टॅब आधीच उघडा असतो. काही न निवडता पुढे गेलात तरी काम होतं. माझी एवढीच मागणी आहे की टॅबच्या वर एक ओळ असावी: ‘कुठलं घ्यावं कळत नसेल तर हे उघडं आहे तेच ठेवा, पुढे बदलता येतं.’

एकच वाट म्हणजे त्रोटक वाट नव्हे. उलट ती अगदी तपशिलात हवी. ‘टर्मिनलमध्ये ही कमांड चालवा’ या वाक्यात नवशिक्याला न येणाऱ्या निदान तीन गोष्टी आहेत. टर्मिनल कुठे असतं? विंडोजवर स्टार्टमध्ये काय शोधायचं? आणि पायथॉनची खिडकी, ज्यात ओळीच्या सुरुवातीला तीन बाण दिसतात, ती टर्मिनल नाही का? पिपची कमांड त्या तीन बाणांपुढे टाइप केली की ‘सिंटॅक्स एरर’ येते. ही चूक फार जण करतात, आणि ती साहजिक आहे, कारण पायथॉनशी बोलायची तेवढी एकच खिडकी त्यांना माहीत असते. तसंच डॉलरच्या चिन्हाचं. कमांडच्या आधी डॉलर छापलेला असतो, तो टर्मिनलची खूण म्हणून. नवशिक्या तो कमांडसकट कॉपी करतो. जे टाइप करायचं नाही ते कमांडच्या चौकटीत छापू नये, इतका हा सोपा नियम आहे.

२०१४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या जँगो गर्ल्सच्या शिकवणीत टर्मिनलची ओळख करून देणारा वेगळा धडा आहे: फोल्डरमध्ये कसं जायचं, आत काय आहे ते कसं बघायचं, नवीन फोल्डर कसं करायचं. जँगो ही वेबसाइट बनवण्याची चौकट, तिच्या शिकवणीत हे कशाला, असं कुणीही म्हणू शकलं असतं. तो धडा आहे म्हणून कधी टर्मिनल न उघडलेली माणसं शेवटपर्यंत पोचतात. पॅकेजिंगच्या पहिल्या पानावर एवढं सगळं घालायची गरज नाही, पण अशा धड्याची वाट तरी दाखवायला हवी.

मग येतं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. नावाने माणूस घाबरतो. वस्तू साधी आहे: एक फोल्डर, ज्यात त्या प्रोजेक्टपुरता पायथॉन आणि त्या प्रोजेक्टपुरती पॅकेजं राहतात. ते बनवण्याची सोय पायथॉन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, पायथॉनच्या सोबतच मिळते. ते ‘चालू’ करायचं म्हणजे टर्मिनलला सांगायचं, की पायथॉन म्हटलं की आधी या फोल्डरमधला घे. टर्मिनल बंद करून नवं उघडलं की हे सांगणं पुसलं जातं, म्हणून पुन्हा चालू करावं लागतं. ही ओळ बहुतेक शिकवण्यांत नसते, आणि ‘काल चालत होतं, आज मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. मला आणखी एक ओळ आवर्जून हवी आहे: हे फोल्डर खुशाल उडवा, तुमचा कोड त्यात नाही, लागलं तर नवं बनवा. भीती घालवणारं याच्याइतकं चांगलं वाक्य त्या पानावर दुसरं नसेल.

चालू करायची कमांड विंडोजवर वेगळी, लिनक्स आणि मॅकवर वेगळी. विंडोजमध्ये ‘स्क्रिप्ट्स’ नावाचं फोल्डर लागतं, बाकी ठिकाणी ‘बिन’. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या एका टर्मिनलमध्ये, कधी कधी स्क्रिप्ट चालवायलाच परवानगी नसते आणि तसा लाल मजकूर येतो. डेबियन आणि उबुंटूवर एन्व्हायर्नमेंट बनवण्याची सोय वेगळ्या पॅकेजमध्ये असते, ते आधी एपीटीने, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या पॅकेज बसवणाऱ्या टूलने, घ्यावं लागतं. या सगळ्या गोष्टी ठाऊक असलेल्या आहेत, दर वेळी त्याच येतात. ज्या पायरीवर त्या येतात त्याच पायरीखाली लिहिल्या पाहिजेत. शेवटी ‘अडचणी व उपाय’ असं वेगळं पान करून त्यात ढकलल्या तर अडलेला माणूस तिथवर पोचत नाही.

आणि यश कसं दिसतं तेही दाखवा. ‘पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ नीट चाललं तरी स्क्रीनवर बरंच काही सरकतं आणि शेवटी ‘यशस्वीपणे बसवलं’ या अर्थाच्या ओळीत पाच नावं येतात: रिक्वेस्ट्स, युआरएललिब३, सर्टिफाय, आयडीएनए, शारसेट नॉर्मलायझर. मागितलं एक, आली पाच. नवशिक्याला वाटतं, काहीतरी भलतंच आलं. रिक्वेस्ट्सला स्वतःच्या कामासाठी ती चार लागतात, म्हणून पिपने ती सोबत आणली, हे दोन ओळींत सांगता येतं. डिपेंडन्सी ही कल्पना समजावायला याहून चांगली जागा नाही, कारण उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोरच आहे. तीच कमांड दुसऱ्यांदा चालवली की ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’ येतं, आणि पुष्कळांना ती एरर वाटते. ती ‘हे आधीच आहे’ अशी खबर आहे.

नावांचा घोळही याच पानावर सांगून टाकावा. बसवताना एक नाव, वापरताना दुसरं, असं अनेक पॅकेजांचं असतं. पिलो बसवायचं आणि कोडमध्ये पीआयएल लिहायचं. पायवायएएमएल बसवायचं, लिहायचं नुसतं वायएएमएल. ओपनसीव्ही पायथॉन बसवायचं, लिहायचं सीव्ही२. एरर वाचून माणूस ‘पिप इन्स्टॉल सीव्ही२’ करून बघतो. इथे सुरक्षेचाही प्रश्न येतो. पायपीआयवर मोकळं असलेलं नाव कुणीही घेऊ शकतो, आणि प्रसिद्ध पॅकेजांच्या नावांत एखादं अक्षर इकडेतिकडे करून घातक कोड टाकल्याचे प्रकार वारंवार उघड झाले आहेत. म्हणून नाव अंदाजाने टाइप करू नका, त्या पॅकेजच्या स्वतःच्या पानावरून घ्या, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं.

आता सुरुवातीच्या त्या एररकडे जरा जवळून पाहू, कारण एरर हेही डॉक्युमेंटेशनच आहे. नवशिक्या मार्गदर्शिका वाचेल की नाही सांगता येत नाही. एरर मात्र त्याच्या समोर येणारच. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं आणि त्यात पेप ६६८ नावाच्या प्रस्तावातला नियम लागू झाला: ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेल्या पायथॉनमध्ये पिपने ढवळाढवळ करायची नाही. कारण रास्त आहे. सिस्टिमची स्वतःची काही टूल्स त्याच पायथॉनवर चालतात. पिपने एखादं पॅकेज बदलून टाकलं, तर एपीटीने बसवलेलं दुसरं काहीतरी बंद पडू शकतं.

एररच्या मजकुरात तीन उपाय दिले आहेत. पूर्ण सिस्टिमसाठी हवं असेल तर एपीटीने घ्या. डेबियनमध्ये नसलेलं पॅकेज हवं असेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा. तयार ॲप्लिकेशन हवं असेल तर पिपएक्स वापरा. तिन्ही बरोबर आहेत. कमांडसुद्धा दिली आहे. ज्याने हा मजकूर लिहिला त्याने वाचणाऱ्याचा विचार केला होता, हे दिसतं. तरी नवशिक्या अडतो. एक तर एन्व्हायर्नमेंट बनवायच्या कमांडमध्ये ‘पाथ टू व्हीएन्व्ह’ अशी नमुन्याची जागा आहे, आणि नवशिक्या ते शब्द जसेच्या तसे टाइप करतो. दुसरं, आपण तिघांपैकी कुठल्या प्रकारात बसतो हे त्याला कळत नाही. तिसरं, नियम मोडायचा पर्याय शेवटाकडे येतो, आणि घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात शेवटचंच राहतं. आणि अगदी तळाशी सूचना अशी, की तपशिलासाठी पेप ६६८ पाहा. ते पान लिनक्स वितरणं बनवणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. तिथे जाऊन या मुलीला काय मिळणार?

तिथे तिच्यासाठीच्या साध्या पानाचा पत्ता हवा होता. पिपमध्येच याचं चांगलं उदाहरण आहे. २०१९ च्या अखेरीस मोझिला आणि चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह यांनी पिपच्या कामासाठी पैसे दिले. त्यातून पॅकेजांची व्हर्जनं जुळवण्याची नवी पद्धत तयार झाली आणि ती नोव्हेंबर २०२० मध्ये पिप २०.३ सोबत आली. त्याच पैशातून वापरणाऱ्यांशी बोलून, त्यांना कुठे अडतं याचा अभ्यासही झाला. आता दोन पॅकेजांच्या मागण्या एकमेकींत बसत नसतील, तर पिप कुणाला काय हवं आहे ते ओळीने सांगतो आणि हा पेच कसा सोडवायचा त्या पानाचा पत्ता एररमध्येच देतो.

ज्याला स्वतःचं पॅकेज प्रसिद्ध करायचं आहे, त्या दुसऱ्या दाराबद्दल थोडक्यात. तिथल्या शिकवणीत चार गोष्टी आधी सांगितल्या तर पुढचा मनस्ताप टळतो. सराव टेस्ट पायपीआयवर करा, ते वेगळं कोठार आहे आणि त्याचं खातंही वेगळं काढावं लागतं. पायपीआयवर एकदा टाकलेली फाइल काढून टाकता येते, पण त्याच नावाने पुन्हा टाकता येत नाही. चूक दुरुस्त करायची तर व्हर्जनचा आकडा वाढवावा लागतो. १ जानेवारी २०२४ पासून पॅकेज टाकणाऱ्या प्रत्येकाला दोन टप्प्यांची ओळखपडताळणी सक्तीची आहे, म्हणजे फोनवर त्याची तयारी आधी करून ठेवावी. आणि फाइल चढवताना पासवर्ड चालत नाही, टोकन लागतं. पायप्रोजेक्टची फाइल समजावताना आठ ओळींची, खरोखर चालणारी फाइल आधी द्यावी. नाव, व्हर्जन आणि बांधणीचं टूल एवढ्यावर पॅकेज तयार होतं. लेखक, परवाना, वर्गवारी हे नंतर एकेक करून जोडता येतं.

डॉक्युमेंटेशनच्या जगात डॅनिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस ही मांडणी बरीच वापरली जाते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिखाण चार प्रकारचं असतं: हात धरून शिकवणारी शिकवणी, एखादं काम कसं करायचं ते सांगणारी कृती, सगळे तपशील असलेला संदर्भ, आणि असं का हे उलगडणारं विवेचन. हे चार एकमेकांत मिसळू नयेत. मला हे पटतं, आणि पॅकेजिंगमध्ये तर फारच. शिकवणीच्या तिसऱ्या पायरीवर ‘खरं तर इथे आणखी चार पर्याय आहेत’ असा परिच्छेद आला, की शिकणाऱ्याची लय तुटते. तो परिच्छेद चुकीचा नसतो, त्याची जागा चुकलेली असते. मात्र ही मांडणी नियम म्हणून पाळायला गेलात तर एक धोका आहे. शिकवणीतून ‘का’ पूर्णच उपटून काढलं जातं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट का, याचं एका ओळीचं उत्तर शिकवणीत हवंच, नाहीतर ती निव्वळ मंत्रासारखी पाठ केलेली कमांड होते आणि कंटाळा आला की माणूस ती गाळतो.

पान चांगलं झालं की नाही, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला न दिसणाऱ्या जागाच त्यात राहून जातात. मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने यासाठी एक पद्धत घालून दिली आहे. तिथे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे असतात, बघता बघता शेजारी स्वतः करायचे, आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. धड्याची संहिता जाणकार तपासतो, आणि तो विषय न येणारा नवशिकाही तपासतो. नवशिक्याची तपासणी ही तिथे कामाची ठरलेली पायरी आहे. पॅकेजिंगच्या शिकवणीला हे सहज लावता येईल. पायथॉन जेमतेम येणाऱ्या एखाद्याला पान उघडून द्या, त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, आणि शेजारी गप्प बसा. तो कुठे थांबतो, कुठली ओळ दोनदा वाचतो, कुठे दुसरा टॅब उघडून गूगल करतो, हे टिपा. त्याने विचारलं तरी लगेच उत्तर देऊ नका, कारण ते उत्तर पानावर यायला हवं.

हे काम करायला मोठा प्रोग्रॅमर असावं लागत नाही. पॅकेजिंग मार्गदर्शिकेचा मजकूर गिटहबवर उघडा आहे, त्यात कुणीही बदल सुचवू शकतं, आणि भाषांतराचं काम वेबलेट या भाषांतरासाठीच्या वेबसाइटवर चालतं. आपल्याकडे डिप्लोमापासून अभियांत्रिकीपर्यंत हजारो मुलं पायथॉन शिकतात. त्यांतली कित्येक जण कॉलेजच्या प्रॉक्सीमागे, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर मध्ये बसवलेल्या सर्व्हरमागे, बसून पिपला इंटरनेटपर्यंत पोचवायची धडपड करत असतात. प्रॉक्सी असताना पिप ‘या नावाचं व्हर्जन सापडलं नाही’ असं सांगून थांबू शकतो. पॅकेजचं नाव चुकलं तरीही शेवटी तीच ओळ येते. खरं कारण वरच्या इशाऱ्यांमध्ये असतं, जोडणी होत नाही म्हणून पुन्हा प्रयत्न करतोय अशा ओळींत. ‘आधी वरच्या ओळी वाचा, तिथे जोडणीबद्दल काही असेल तर नाव बरोबर आहे, अडचण नेटवर्कची आहे’ ही एक टीप ज्याने लॅबमध्ये तो त्रास भोगला आहे त्यालाच सुचते. पहिली दुरुस्ती म्हणून ती पाठवायला हरकत नाही. सोबत कुठली सिस्टिम, कुठला पायथॉन आणि स्क्रीनवर आलेला पूर्ण मजकूर जोडा, म्हणजे तपासणाऱ्याला तीच अडचण आपल्या मशीनवर उभी करून बघता येते.